चवदार तळे आणि अमेरिकेचे न्यायालय : डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातील एक शोध

बंगळुरूच्या बसवनगुडी परिसरात, बुल टेंपल रोडवर एका मराठी माणसाच्या नावाची संस्था उभी आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांना आदर्श मानणारे कन्नड साहित्यिक आणि पत्रकार डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये गोखले सार्वजनिक विचार संस्थेची स्थापना केली. स्वातंत्र्य दाराशी आले होते. प्रजेला आता नागरिक व्हायचे होते आणि त्यासाठी राज्यकारभार कसा चालतो, हे सामान्य माणसाला कळणे आवश्यक होते. गुंडप्पांच्या संस्थेचा हेतू हाच होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी दिल्लीत आणखी एका मराठी माणसाकडे या नव्या नागरिकांसाठी राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद आले. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्यासमोर असलेल्या अनेक प्रश्नांपैकी एक प्रश्न फार जुना होता. नागरिकाला हक्क दिले, तर ते राखणार कोण? सरकारनेच ते मोडले, बहुमताने मोडले किंवा शेजाऱ्याने मोडले, तर दाद कुठे मागायची? अमेरिकेने या प्रश्नाला स्वतंत्र आणि सामर्थ्यवान न्यायालयाचे उत्तर दिले होते. ते उत्तर किती खरे आणि किती अपुरे आहे, हे पारखण्याचा अधिकार बाबासाहेबांना केवळ विद्वत्तेमुळे मिळालेला नव्हता. पाण्याच्या एका तळ्यासाठी त्यांनी स्वतः नऊ वर्षांहून अधिक काळ प्रतिवादी म्हणून खटला लढवला होता.

न्यूयॉर्कमधील विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत जन्मलेल्या भीमरावांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसणे आणि दुसऱ्याने वरून ओतल्याशिवाय पाणी न मिळणे हे त्यांच्या बालपणीचे अनुभव होते. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूल आणि एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९१२ मध्ये ते बी. ए. झाले आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्याच्या जोडीला त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचा अभ्यास केला. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिगमन या प्राध्यापकांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए.ची पदवी घेतली.

कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेमची वस्ती आहे. बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये होते त्या वर्षांत दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडे येऊ लागली होती. गुलामगिरी संपून जवळपास अर्धे शतक झाले होते. १८६८ मध्ये संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले होते. तरीही दक्षिणेत रेल्वेचे डबे, शाळा आणि उपाहारगृहे वेगळी होती आणि या वेगळेपणाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची मान्यता होती.

न्यायमंडळाची अमेरिकन रचना

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये लिहिली गेली. तिच्या पहिल्या कलमात कायदे करणारी काँग्रेस, दुसऱ्यात अध्यक्ष आणि तिसऱ्यात न्यायमंडळ आहे. तिसरे कलम सर्वांत आखूड आहे. एक सर्वोच्च न्यायालय असेल आणि काँग्रेस वेळोवेळी स्थापन करील अशी कनिष्ठ न्यायालये असतील, एवढेच त्यात मुख्यतः सांगितले आहे. बाकीची इमारत १७८९ च्या न्यायमंडळ कायद्याने आणि पुढील कायद्यांनी उभी राहिली.

आज या संघीय व्यवस्थेला तीन पायऱ्या आहेत. तळाशी ९४ जिल्हा न्यायालये आहेत. खटला तेथे चालतो, साक्षीपुरावे होतात आणि ज्यूरी बसते. त्यांच्यावर १३ अपील न्यायालये आहेत. ही न्यायालये नव्याने साक्षी घेत नाहीत. खालच्या न्यायालयाने कायदा बरोबर लावला की नाही, एवढेच ती पाहतात. शिखरावर सर्वोच्च न्यायालय आहे. १८६९ पासून त्यात नऊ न्यायाधीश बसतात. वर्षाला हजारो अर्ज तेथे येतात, परंतु नऊपैकी चार न्यायाधीशांना महत्त्वाची वाटतील अशीच प्रकरणे सुनावणीला घेतली जातात आणि त्यांची संख्या शंभराच्या आतच राहते.

संघीय न्यायाधीशांची नेमणूक अध्यक्ष करतात आणि तिला सिनेटची संमती लागते. एकदा नेमलेला न्यायाधीश वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात तहहयात पदावर राहू शकतो. महाभियोगाखेरीज त्याला काढता येत नाही आणि त्याचे वेतनही कमी करता येत नाही. सत्ताधाऱ्यांच्या रोषाची भीती न्यायाधीशाला वाटू नये, हा यामागील विचार आहे.

याशिवाय प्रत्येक राज्याची आपली वेगळी न्यायव्यवस्था आहे. राज्याचे स्वतःचे कायदे, स्वतःची न्यायालये आणि स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते. अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. चोरी, खून, घटस्फोट, करार यांचे बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांतच चालतात. थोडक्यात, एकाच भूमीवर न्यायालयांच्या दोन साखळ्या नांदतात.

कायदेमंडळाने केलेला कायदा घटनेशी विसंगत असल्यास तो रद्द ठरवण्याचा अधिकार न्यायालयांना आहे, असे घटनेत स्पष्ट शब्दांत कोठेही लिहिलेले नाही. १८०३ मध्ये मारबरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो अधिकार न्यायालयाचा असल्याचे ठरवले आणि पुढे तो रूढ झाला.

या अधिकाराचा उपयोग नेहमीच दुर्बलांच्या बाजूने झाला नाही. उपाहारगृहे, नाट्यगृहे, प्रवासाची साधने येथे वर्णावरून भेद करण्यास मनाई करणारा नागरी हक्क कायदा काँग्रेसने १८७५ मध्ये केला. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील ही तरतूद रद्द केली. चौदावी घटनादुरुस्ती राज्यांच्या कृतीला बंधन घालते आणि खाजगी हॉटेलमालकाने केलेला भेद तिच्या कक्षेत येत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या निकालाने रेल्वेतील वेगळे डबेही वैध ठरले.

याच घटनादुरुस्तीत आणखी एक शब्दप्रयोग आहे. कायद्याच्या उचित प्रक्रियेशिवाय कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावली जाणार नाही, असे तो सांगतो. १९०५ मध्ये याच शब्दांचा आधार घेऊन न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा एक कायदा मोडीत काढला. बेकरीतील कामगारांकडून दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांहून अधिक काम करवून घेण्यास त्या कायद्याने बंदी केली होती. मालक आणि कामगार यांच्या करारस्वातंत्र्यात हा अनुचित हस्तक्षेप आहे, असे बहुमताने ठरले. तरुण भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा हे तिन्ही निकाल लागू होते.

बॅरिस्टर आणि प्रतिवादी

१९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि कायद्याच्या शिक्षणासाठी ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत उच्च पदवीधर असूनही त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात काही काळ अध्यापन करून आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

त्यांच्याकडे येणारी प्रकरणे बहुधा गरिबांची आणि चळवळीतील कार्यकर्त्यांची असत. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात १९२६ मध्ये त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतील कार्यकर्त्यांचा यशस्वी बचाव केला. परंतु न्यायालयाशी त्यांचा सर्वांत दीर्घ संबंध आला तो वकील म्हणून नव्हे, तर खटल्यातील पक्षकार म्हणून.

सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. त्याला अनुसरून कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले, पण प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंचा समुदाय तळ्यावर गेला आणि त्यांनी पाणी प्याले. त्यानंतर गावात दंगल झाली, लोकांना मारहाण झाली आणि तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. पुढे नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहाची हाक दिली. तोच काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबर १९२७ रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दावा ज्यांच्याविरुद्ध होता त्यांत भीमराव रामजी आंबेडकर हे नाव होते.

२५ डिसेंबरला महाडमध्ये परिषद भरली. दूरदूरच्या गावांतून लोक पाणी घेण्याच्या निश्चयाने आले होते. तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. मनुस्मृतीचे दहन त्याच रात्री झाले. हुकूम मोडावा की पाळावा, यावर बराच खल झाला आणि अखेरीस बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. सरकार या प्रश्नात उघडपणे विरोधी नव्हते आणि न्यायालयात जिंकता येईल, असा त्यांना विश्वास होता. तहानलेल्या जमावाला तळ्याच्या काठावरून परत नेणे सोपे नव्हते. लोकांनी तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली आणि ते परतले.

खटला पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. खालच्या न्यायालयात निकाल प्रतिवादींच्या बाजूने लागला, तेव्हा फिर्यादींनी अपिले केली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आले नव्हते.

हा विजय मोठा होता, पण त्याचा पायाही ध्यानात घेण्यासारखा आहे. माणूस म्हणून सर्वांना पाण्याचा समान हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. तसे म्हणण्याजोगा कायदाच त्या वेळी अस्तित्वात नव्हता. वहिवाटीचा पुरावा अधिक भक्कम असता तर हाच निकाल उलटाही लागू शकला असता. न्यायाधीश कितीही निःपक्षपाती असले तरी त्यांच्या हाती जो कायदा असतो त्यावरच त्यांना निवाडा करावा लागतो, हे महाडने दाखवून दिले.

योगायोग असा, की त्याच महिन्यात, २९ मार्च १९३७ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपली जुनी भूमिका सोडली. स्त्रियांसाठी किमान वेतन ठरवणारा वॉशिंग्टन राज्याचा कायदा त्याने वैध ठरवला. त्याआधीची काही वर्षे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आर्थिक सुधारणांचे कायदे न्यायालय एकामागून एक रद्द करीत होते. न्यायाधीशांची संख्या वाढवण्याची योजनाही रूझवेल्ट यांनी मांडली होती. लोकांनी निवडलेले सरकार आणि तहहयात नेमलेले न्यायाधीश यांच्यातील हा संघर्ष जगभरचे कायदेपंडित पाहत होते.

हक्क कागदावर आणि हक्क न्यायालयात

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीपुढे ठेवण्यासाठी एक निवेदन प्रसिद्ध केले. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने ते ओळखले जाते. त्यात मूलभूत हक्कांची यादी होती आणि ते बजावण्यासाठी न्यायालयीन संरक्षणाची तरतूदही होती. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी त्यांनी उचित प्रक्रियेचे अमेरिकन शब्द स्वीकारले होते. गुलामगिरीनंतर काँग्रेसने केलेल्या नागरी हक्क कायद्यांचाही त्यांनी आधार घेतला होता. आदल्या वर्षी त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती त्यांना हवी होती. अमेरिकेतील प्रश्नाशी त्यांचे नाते विद्यार्थिदशेनंतरही तुटले नव्हते, हे यातून दिसते.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. मूळचे दक्षिण कन्नडचे असलेले राव स्वतः उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर यांची त्यांनी भेट घेतली. उचित प्रक्रियेच्या शब्दांमुळे मूठभर न्यायाधीशांना लोकनियुक्त कायदेमंडळाचे कायदे रद्द करता येतात, हे लोकशाहीला धरून नाही आणि त्याचा भार न्यायालयावरही पडतो, असे फ्रँकफर्टर यांचे मत होते. त्यामागे रूझवेल्ट यांच्या काळातील संघर्षाचा ताजा अनुभव होता.

मसुदा समितीने ते शब्द वगळले. जपानच्या नव्या राज्यघटनेतील वळण स्वीकारून, कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचे जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही, अशी शब्दयोजना करण्यात आली. हेच आजचे २१ वे कलम. वरवर पाहता फरक शब्दांचा होता. प्रत्यक्षात तो अधिकाराचा होता. अमेरिकन शब्दांनुसार न्यायालय कायद्याचा न्याय्यपणा तपासू शकत होते. नव्या शब्दांनुसार संसदेने कायदा केला आणि त्यातील पद्धत पाळली गेली, तर न्यायालयाला पुढे बोलण्यास फारशी जागा नव्हती.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत यावर मोठी चर्चा झाली. कन्हैयालाल मुन्शी यांच्यासह अनेक सदस्यांना अमेरिकन शब्द हवे होते. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा त्यांना विरोध होता. १३ डिसेंबरला बाबासाहेबांनी उत्तर दिले, पण कोणत्याही एका बाजूला झुकते माप दिले नाही. पक्षाच्या बहुमताने बांधलेले कायदेमंडळ नागरिकाचे स्वातंत्र्य गिळू शकते, हा एक धोका त्यांनी दाखवला. न्यायाधीशही माणसेच असतात आणि त्यांच्यातील पाचसहा जणांनी स्वतःच्या मतांनुसार साऱ्या देशाचे कायदे तोलावेत, हाही धोकाच, असे त्यांनी सांगितले. निर्णय त्यांनी सभागृहावर सोपवला. सभागृहाने मसुद्यातील शब्द कायम ठेवले.

त्यामुळे राहिलेली उणीव बाबासाहेबांना खटकत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी एक नवे कलम मांडले, जे आज २२ वे कलम म्हणून ओळखले जाते. अटकेचे कारण सांगणे, वकिलाची मदत घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे या हमी त्यात आल्या. त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही जागा मिळाली आणि त्यावर सभागृहात कडवी टीका झाली. हातून निसटलेल्या संरक्षणाचा काही भाग तरी परत मिळवण्याचा हा प्रयत्न होता.

काय घेतले, काय बदलले

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करतानाच त्यांनी अमेरिकन आणि भारतीय रचनेतील मुख्य फरक उलगडून दाखवला होता. अमेरिकेत संघराज्याची आणि राज्यांची न्यायालये वेगळी आहेत. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालये आणि त्यांच्याखालील न्यायालये मिळून एकच साखळी होणार होती. राज्याचा कायदा असो वा संसदेचा, तीच न्यायालये त्यावर निवाडा देणार होती. गावातल्या माणसाने सुरू केलेला वाद त्याच एका वाटेने दिल्लीपर्यंत जाऊ शकतो.

९ डिसेंबर १९४८ रोजी मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार देणाऱ्या कलमावर, म्हणजे आजच्या ३२ व्या कलमावर चर्चा झाली. साऱ्या राज्यघटनेत हे कलम त्यांना सर्वाधिक महत्त्वाचे वाटत होते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालय कोणते प्रकरण ऐकायचे हे स्वतः ठरवते. येथे दाद मागणे हाच एक मूलभूत हक्क झाला.

न्यायाधीशांच्या नेमणुकीचा प्रश्न २४ मे १९४९ रोजी आला. ब्रिटनमध्ये ती सरकारच्या हाती होती, तर अमेरिकेत तिला सिनेटची संमती लागत असे. पहिल्या पद्धतीत सरकारची मनमानी आणि दुसऱ्या पद्धतीत राजकीय दबाव येण्याची शक्यता बाबासाहेबांना दिसली. सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करणेही त्यांनी मान्य केले नाही, कारण सरन्यायाधीशांनाही आवडीनिवडी असू शकतात. राष्ट्रपतींनी सल्लामसलत करून नेमणूक करावी, हा मधला मार्ग त्यांनी सुचवला. तहहयात मुदतीऐवजी सर्वोच्च न्यायालयासाठी ६५ वर्षांची वयोमर्यादा आली. सल्लामसलतीचा अर्थ पुढे न्यायालयानेच बदलला. १९९३ च्या निकालानंतर ज्येष्ठ न्यायाधीशांचे मत निर्णायक झाले आणि न्यायवृंदाची पद्धत रूढ झाली. २०१५ मध्ये पर्यायी आयोगाचा कायदाही न्यायालयाने रद्द केला.

पण अमेरिकेपासून सर्वांत दूर जाणारे पाऊल १५ व्या आणि १७ व्या कलमांत आहे. १७ वे कलम अस्पृश्यता नष्ट करते आणि ती पाळणाऱ्यावर, मग तो सरकारी अधिकारी असो वा खाजगी व्यक्ती, बंधन घालते. १५ व्या कलमाचा दुसरा भाग दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले येथे जातीवरून प्रवेश नाकारण्यास मनाई करतो. पुढे तो विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख करतो. सरकारी पैशाने राखलेली किंवा जनतेसाठी खुली असलेली अशी कोणतीही जागा कोणालाही बंद ठेवता येणार नाही.

१८८३ मध्ये अमेरिकन न्यायालयाने जी फट दाखवली होती, ती येथे बुजवलेली आहे. खाजगी माणसाने केलेला भेद घटनेच्या बाहेर राहतो, असे म्हणण्याची सोय भारतीय न्यायाधीशाला उरली नाही. अमेरिकेत हॉटेले आणि उपाहारगृहे यांतील भेदाला देशभर कायद्याने बंदी होण्यासाठी १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. चवदार तळ्याच्या खटल्यात ज्या शब्दांची उणीव होती, ते शब्द आता देशाच्या मूलभूत कायद्यात आले होते.

निकालानंतरचे आयुष्य

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि दोन दिवसांनी संसद भवनाच्या इमारतीत सर्वोच्च न्यायालयाचा प्रारंभ झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात न्यायालयाने २१ व्या कलमाचा संकुचित अर्थ लावला. कायदा आहे आणि पद्धत पाळली गेली आहे, एवढे बहुमताला पुरेसे वाटले. ज्या धोक्याची चर्चा घटना समितीत झाली होती, तो दोन वर्षांच्या आत समोर उभा राहिला.

१९५१ मध्ये मद्रास राज्यातील शैक्षणिक राखीव जागांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अमेरिकेत घटनादुरुस्तीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांचे दोनतृतीयांश बहुमत आणि तीनचतुर्थांश राज्यांची संमती लागते, त्यामुळे अशा निकालावर मात करणे फार अवघड असते. भारतात पहिल्या घटनादुरुस्तीने त्याच वर्षी मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार स्पष्ट केला. कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी संसदेत तिचे समर्थन केले. न्यायालयाचा आदर राखूनही त्याचा निकाल चुकीचा वाटल्यास घटनेचे शब्द अधिक नेमके करावेत, हीच त्यांची रीत येथेही दिसते.

हिंदू कोड बिल रखडल्याने सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. त्यासाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. सुमारे दोन वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. चौदाव्या घटनादुरुस्तीचे शब्द तेच होते, अर्थ मात्र बदलला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर २१ व्या कलमाचीही कहाणी बदलली. १९७८ मध्ये मेनका गांधी यांच्या पारपत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. जे शब्द मसुद्यातून वगळले गेले होते, त्यांचा आशय अशा रीतीने अर्थाच्या मार्गाने आत आला. पुढे उपजीविका, शिक्षण, खाजगीपणा असे अनेक हक्क याच कलमातून उमलले. अमेरिकेत मात्र उचित प्रक्रियेच्या आधारे १९७३ मध्ये मान्य झालेला गर्भपाताचा हक्क त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये काढून घेतला. न्यायाधीशांच्या अर्थावर उभा असलेला हक्क दुसऱ्या न्यायाधीशांच्या अर्थाने जाऊही शकतो. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये दाखवलेले दोन्ही धोके आजही जिवंत आहेत.

न्यायालयाशिवाय हक्क दुबळे असतात, हे त्यांनी अमेरिकेच्या उदाहरणातून घेतले. स्पष्ट शब्दांशिवाय न्यायालयही दुबळे असते, हे त्यांना महाडने शिकवले. आणि या दोन्हींवर लक्ष ठेवणारा जाणता नागरिक नसेल, तर चांगली राज्यघटनाही वाया जाऊ शकते, याची जाणीव त्यांनी घटना समितीचा निरोप घेताना करून दिली. गुंडप्पांनी बसवनगुडीत गोखल्यांच्या नावाने संस्था उभारली, ती असा नागरिक घडावा म्हणूनच. हे काम कोणत्याही एका निकालाने पूर्ण होणारे नाही.